पाटी-पुस्तक : वाचता येतं, पण कळलं का?



गेल्या अंकानंतर तीन-चार तरुण आई-बाबांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "मुलगा मराठी पुस्तक घडाघडा वाचतो, पण गोष्ट सांग म्हटलं की गप्प. असं का?" हा प्रश्न फक्त मराठीचा नाही. त्याच घरांतून पुढचं वाक्यही येतं, "शाळेच्या अभ्यासातही तसंच आहे. धडा पाच वेळा वाचतो आणि पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की अडतो." म्हणून या वेळचं सदर वाचण्यावर, आणि तेही चौघांनी मिळून वाचण्यावर.

आधी आपल्या इंदूरची गोष्ट. परदेशात वाढणारी बरीच मराठी मुलं मराठी बोलतात, पण त्यांना अक्षरं येत नाहीत. आपल्याकडे उलट आहे. शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी आपल्या मुलांच्या डोळ्यांना लहानपणापासून सरावाची. मराठी पुस्तक हातात दिलं की गाडी सुरू. 'ळ' थोडा अडतो, 'चंद्र' आणि 'चांदणं' यांतले दोन वेगळे 'च' एकसारखे उच्चारले जातात, पण वाचन थांबत नाही. आजी-आजोबा खूश होतात. आणि इथेच आपली फसगत होते, कारण तोंडातून शब्द बाहेर पडणं म्हणजे अर्थ आत जाणं नव्हे.

मंडळाच्या रविवारच्या वर्गात मी एकदा साधं वाक्य फळ्यावर लिहिलं, 'गाडी खाली उभी आहे.' बारा मुलांपैकी सात जणांनी अर्थ सांगितला, गाडीत कोणी नाही. 'त्याला शिक्षा झाली' याचा अर्थ काहींनी त्याचं शिक्षण पूर्ण झालं असा लावला. 'चेष्टा करू नकोस' म्हणजे प्रयत्न करू नकोस! हिंदी आणि मराठी इतक्या जवळच्या भाषा आहेत की मुलांना आपण अडलो आहोत हेच कळत नाही. इंग्रजी पुस्तकात अनोळखी शब्द आला की मूल निदान थांबतं. इथे ओळखीचा चेहरा बघून पुढे निघून जातं, आणि दोन पानांनंतर गोष्ट हातातून सुटलेली असते.

घडाघडा वाचणाऱ्या पण न समजणाऱ्या मुलांसाठी एक पद्धत अमेरिकेतल्या अ‍ॅनमरी पालिंकसार आणि अ‍ॅन ब्राउन या दोन संशोधक बाईंनी बसवली. त्यांचा गाजलेला निबंध १९८४ सालचा. त्यांनी निवडलेली सातवीतली मुलं अगदी अशीच होती, वाचन ठीक, आकलन कच्चं. त्यांनी त्यांना जादा धडे दिले नाहीत. चांगले वाचक मनातल्या मनात जे करतात ते मोठ्याने, आळीपाळीने करायला लावलं. आधी शिक्षक करून दाखवणार, मग हळूहळू मुलंच शिक्षक होणार. काही आठवड्यांतच मुलांच्या आकलनात चांगली सुधारणा दिसली. मी हीच पद्धत गेली काही वर्षं रविवारी वापरते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

चौघांची चार कामं

चार मुलांचा एक गट. वाचायला एक-दोन परिच्छेद, त्याहून जास्त नाही. प्रत्येकाकडे एक काम.

पहिला सांगणारा. परिच्छेद संपला की पुस्तक मिटून तो एक-दोन वाक्यांत सांगतो, यात काय झालं. अट एकच, पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं नाही.

दुसरा विचारणारा. तो परिच्छेदावर प्रश्न तयार करतो. पहिल्या रविवारी प्रश्न येतात ते 'राजाचं नाव काय?' छापाचे. तेही चालतात. पण दोन-तीन आठवड्यांनी मी म्हणते, आता असा प्रश्न हवा ज्याचं उत्तर एका ओळीवर बोट ठेवून देता येणार नाही. मग 'तो खोटं का बोलला असेल?' असे प्रश्न यायला लागतात.

तिसरा अडणारा. आपल्या मुलांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं काम. कुठला शब्द, कुठलं वाक्य नीट कळलं नाही ते त्याने शोधायचं. एरवी वर्गात 'मला कळलं नाही' म्हणणं कमीपणाचं वाटतं. इथे तीच त्याची जबाबदारी आहे. काही अडलंच नाही असं म्हणायची परवानगी नाही, निदान एक तरी जागा शोधायलाच हवी. 'खाली' आणि 'शिक्षा' यांसारखे शब्द आमच्याकडे असेच सापडले. आता मुलांनी वहीत त्यांची यादीच केली आहे, 'ओळखीचे चोर' या नावाने. हे नाव त्यांचंच.

चौथा पुढचं ओळखणारा. आता पुढे काय होईल, आणि असं का वाटतं? दुसरा अर्धा भाग विसरायचा नाही. नुसता अंदाज कोणीही करतो, कारण द्यायचं तर झालेल्या मजकुरात परत जावं लागतं. आणि एकदा अंदाज बांधला की तो खरा ठरतो की नाही हे बघायला मूल पुढचा परिच्छेद आपणहून वाचतं.

परिच्छेद संपला की कामं बदलायची, घड्याळाच्या दिशेने. हे बदलणं फार गरजेचं आहे. नाहीतर बोलकं मूल कायम सांगणारा राहतं आणि लाजरं मूल कायम शेवटी.

दोन सूचना अनुभवातून. पहिले दोन-तीन रविवार ही चारही कामं मोठ्या माणसाने स्वतः करून दाखवायची. "मी इथे अडले, कारण हा 'तो' म्हणजे नेमका कोण ते मला कळलं नाही. मागची ओळ परत वाचते," असं मोठ्याने बोलून. मुलांना चांगला वाचक अडतो, मागे जातो, परत वाचतो हे माहीतच नसतं. त्यांना वाटतं मोठ्यांना सगळं एका फटक्यात कळतं. दुसरी सूचना, मुलांची वाक्यं मधेच दुरुस्त करू नका. समजावताना हिंदी आली तर येऊ दे. वहीत लिहायची एक ओळ मात्र मराठीत, आणि ती चौघांनी मिळून ठरवायची. तिथे व्याकरणावरून जे भांडण होतं ते बघण्यासारखं असतं.

एकाची चिठ्ठी, सगळ्यांचं काम

आता थोडा मोठा मजकूर असेल तर काय करायचं? तिथे दुसरी पद्धत उपयोगी पडते. मराठीत तिला आपण चित्रकोड्याची पद्धत म्हणू. लाकडी तुकडे जुळवून चित्र पूर्ण करायचा खेळ असतो ना, तसं. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ती सुरू केली. तिथल्या शाळांमधली वर्णभेदाची विभागणी नुकतीच उठली होती. गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रथमच एका वर्गात बसत होती आणि वर्गावर्गांत तणाव होता. अ‍ॅरन्सनच्या लक्षात आलं की वर्गाची रचनाच भांडण लावणारी आहे. शिक्षक प्रश्न विचारतात, दहा हात वर होतात, एकाला संधी मिळते, बाकीचे मनात म्हणतात याचं चुकू दे. त्याने रचना बदलली. धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. आता परीक्षेत संपूर्ण धडा येणार, पण माझ्याकडे एकच तुकडा. बाकीचा मिळवायचा तर शेजारच्याचं ऐकण्यावाचून इलाज नाही.

आम्ही हे अहिल्याबाईंच्या चरित्रावर केलं. आपल्या गावाचा विषय, आणि मुलांनी राजवाड्यासमोरचा पुतळा पाहिलेला, पण माहिती 'खूप मंदिरं बांधली' इथे संपणारी. बारा मुलं, चार-चारांचे तीन गट. प्रत्येक गटाला चार चिठ्ठ्या.

पहिल्या चिठ्ठीत घरची हकीकत : १७२५ मध्ये चौंडीला जन्म, खंडेरावांशी लग्न, १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेरावांचा मृत्यू, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. दुसरीत कारभार : महेश्वरहून चालवलेलं राज्य, फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे, १७९५ पर्यंतचा काळ. तिसरीत बांधकामं : १७८० मधलं काशी विश्वेश्वराचं मंदिर, देशभरातले घाट, विहिरी, धर्मशाळा. चौथीत महेश्वरचे विणकर आणि तिथलं लुगडं.

आधी तिन्ही गटांतली पहिली चिठ्ठी असलेली तीन मुलं एकत्र बसली, दुसरीवाली तीन वेगळी, असं. या जाणकारांच्या बैठकीत त्यांनी आपली चिठ्ठी नीट वाचली, अडलेलं एकमेकांना विचारलं, आणि आपापल्या गटात जाऊन कसं सांगायचं ते ठरवलं. ही पायरी वगळायचा मोह होतो, वेळ वाचतो म्हणून. वगळू नका. कच्चं वाचणाऱ्या मुलाला गटासमोर उभं राहायच्या आधी इथेच आधार मिळतो. मग सगळे आपल्या मूळ गटात परतले आणि एकेकाने आपला भाग शिकवला. चिठ्ठी हातात न धरता.

शेवटी मी प्रश्न दिला, "मालेरावांचा मृत्यू आणि काशीचं मंदिर यांत किती वर्षांचं अंतर आहे? त्यावरून तुम्हाला काय वाटतं?" पहिल्या भागाचं उत्तर तेरा. पण ते काढायला पहिली आणि तिसरी चिठ्ठी लागते. एका मुलाकडे ते नव्हतंच. दुसऱ्या भागावर जी चर्चा झाली ती कुठल्याही गाईडमध्ये मिळणार नाही.

त्या दिवशीची एक गोष्ट सांगायला हवी. वर्गात सहावीतली एक मुलगी आहे. घरात आई हिंदीभाषक, त्यामुळे तिचं मराठी तुटक. इतर मुलं तिच्या 'मी खाल्ली, मी पिली'वर हसत, आणि ती बोलणंच टाळत असे. तिच्या वाट्याला विणकरांची चिठ्ठी आली. गटात ती अर्धं हिंदी, अर्धं मराठी असं सांगू लागली. एरवी हसणारा मुलगा या वेळी पेन घेऊन विचारत होता, "थांब, किनारीचं परत सांग." त्याला माया फुटली असं मी म्हणणार नाही. त्याला तिची गरज होती. पण त्यानंतर ती वर्गात बोलते. मराठी मंडळात आलेलं मूल भाषेच्या लाजेने बाहेर पडणं हे आपलं मोठं नुकसान आहे, आणि असं नुकसान आपल्या डोळ्यांदेखत होत असतं. लग्नं आता सगळ्या प्रांतांत होतात. पुढच्या पिढीतली निम्मी मुलं अशीच येणार आहेत.

गट म्हणजे गर्दी नव्हे

"पण शाळेत ग्रुप प्रोजेक्ट असतातच की!" असं तुम्ही म्हणाल. असतात. एक मुलगी सगळं करते, दोघं रंग भरतात, चौथा नाव लिहितो, आणि तक्ता आई रात्री अकराला पूर्ण करते. ते गटात बसणं झालं, मिळून शिकणं नव्हे. अमेरिकेतल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या मांडणीत दोन गोष्टी अटळ आहेत. एक, माझं यश तुझ्या यशाशी बांधलेलं हवं, तू बुडालास तर मीही. दोन, प्रत्येकाला स्वतःचा हिशोब द्यावा लागला पाहिजे. चिठ्ठ्यांच्या खेळात पहिली अट चिठ्ठीच पूर्ण करते. दुसरीसाठी मी शेवटी गटातल्या कुणालाही उठवून, त्याच्याकडे नसलेल्या चिठ्ठीवर प्रश्न विचारते.

हुशार मुलांच्या पालकांची वेगळी तक्रार असते, "आमच्या मुलीचा वेळ दुसऱ्यांना शिकवण्यात जातो." याचं उत्तर नोरीन वेब यांच्या अभ्यासातून मिळतं. गटात जो कारणासकट समजावून सांगतो त्याचं शिकणं वाढतं. ज्याला नुसतं उत्तर पुरवलं जातं त्याला मात्र त्याचा फायदा होत नाही. म्हणून आमच्या वर्गात नियम आहे, उत्तर देऊ नका, वाट दाखवा.

आणि हे सगळं सातासमुद्रापारचं आहे असं समजू नका. आपल्या मध्य प्रदेशातच, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो सुरू केला, १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत पोचला, आणि पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. मुलं चार-चारांच्या टोळीत बसून प्रयोग करत, 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरं स्वतः शोधून वहीत लिहीत. पुस्तकात तयार उत्तरं नव्हती. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती. मुलांना पडलेले प्रश्न 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक पात्राला पत्राने जात आणि उत्तर येई. सरकारी शाळा, पाटावर बसलेली गावातली मुलं, साधी सामग्री. तीस वर्षं हे चाललं. २००२ मध्ये सरकारने ते बंद केलं. पण गटात शिकण्यासाठी महागडी शाळा लागते, हा समज त्या तीस वर्षांनी मोडून काढला आहे. एकलव्यचं हिंदी 'चकमक' मासिक आजही निघतं. घरी जरूर आणा.

कॉलेजातल्यांसाठी

आता आठवी ते कॉलेजातल्या वाचकांशी थेट बोलते. तुमच्या पुस्तकात पिवळा हायलाइटर किती फिरला आहे? २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. खुणा करणं आणि तेच परत परत वाचणं यांचा उपयोग कमी ठरला. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं, या दोन पद्धती सर्वांत वर राहिल्या. त्याआधी २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांचा प्रयोग झाला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत वाचला, काहींनी एकदा वाचून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर परत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. परत वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि येणं यांत फरक आहे, आपल्या 'ओळखीच्या चोरां'सारखाच.

म्हणून दोघा मित्रांनी असं करा. एकेक पान वाचा, पुस्तक मिटा, एकाने सांगा, दुसऱ्याने पुस्तक उघडून काय सुटलं ते दाखवा. मग उलट. एकाच शहरात नसाल तर फोनवरून करा. माझा एक भाचा वडोदऱ्याला आणि त्याची चुलत बहीण इथे, दोघं असाच इतिहासाचा अभ्यास करतात. एक तासाचा धडा त्यांना दीड तास लागतो, हे खरं आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री तो परत पहिल्यापासून वाचावा लागत नाही.

घरच्या घरी, या आठवड्यात

आई-बाबांनो, घरात चौघं आहात ना? एक रात्र मोबाईल बाजूला ठेवून अर्धं पान वाचा. आजोबांचं जुनं पत्र असेल तर उत्तम, नाहीतर वर्तमानपत्रातली बातमी. चार कामं वाटून घ्या. आजी अडणारी होऊ दे, नातवंडं तिला समजावू देत. प्रश्न विचारल्यावर मुलाकडे बघत मनात पाच आकडे मोजा आणि मगच बोला. मेरी बड रो या बाईंनी वर्गांत मोजून पाहिलं, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक यायला लागली. आपण आई-बाप शिक्षकांपेक्षा घाईचे आहोत, तेव्हा पाच मोजलेले बरे.

पंधरा मिनिटं पुरे. सुरुवातीला हसाहशी होईल, कोणी तरी म्हणेल हा काय शाळेचा प्रकार. तीन वेळा तरी करून बघा, मगच ठरवा. आणि तुमच्या घरात सापडलेले 'ओळखीचे चोर' मला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यांची यादी छापू, वर्गातल्या मुलांच्या यादीशी जोडून.